तारेला तोंड नव्हतं : ब्रिटनमधल्या केबल रेडिओ-टीव्हीची गोष्ट

केबल ही टीव्हीच्या मागून आलेली गोष्ट, असं आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात पक्कं असतं. आधी गच्चीवरचा अँटेना, मग केबल, मग डिश, मग इंटरनेट. ब्रिटनमध्ये हा क्रम चालत नाही. तिथे बीबीसीने १९३६ साली नियमित टीव्ही प्रसारण सुरू केलं, त्याच्या अकरा वर्षं आधीच लोकांच्या घरात केबल शिरली होती. तिच्यातून रेडिओ यायचा.

या तारेचं पुढे काय झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तार घरोघर नेण्याचं कसब ब्रिटनच्या हाती खूप लवकर आलं, पण त्या तारेतून स्वतःचं काही ऐकवायची मुभा तिला दीर्घकाळ मिळालीच नाही. दुसऱ्याचा आवाज पोचवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच तिचं काम ठरवून टाकलं गेलं. पुढची साठ वर्षं घडली ती याच एका निर्णयाच्या चौकटीत.

सुरुवात साउदॅम्प्टनजवळच्या हाइथ या गावातली. ए. डब्ल्यू. मॅटन यांचं तिथे विजेच्या सामानाचं दुकान होतं. जानेवारी १९२५ मध्ये त्यांनी आपल्या रेडिओ संचाला तारा जोडून त्या शेजारपाजारच्या घरांत नेल्या आणि प्रत्येक घरात एक लाउडस्पीकर बसवला. अशा सेवेला पुढे रिले एक्स्चेंज म्हणू लागले. वर्गणी साधारणपणे आठवड्याला दीड शिलिंग असायची. त्या काळी वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे.

पैसे देऊन शेजाऱ्याचा रेडिओ ऐकण्यात लोकांना काय मिळत होतं, हे कळायला तेव्हाचा रेडिओ कसा होता ते पाहावं लागतं. चांगला व्हॉल्व्हचा संच घ्यायचा तर कामगाराचा कित्येक आठवड्यांचा पगार जायचा. बहुतेक गरीब घरांत वीज नव्हती, त्यामुळे संच बॅटरीवर चालायचा, आणि बॅटऱ्याही दोन प्रकारच्या लागायच्या. एक जास्त दाबाची कोरडी बॅटरी, जी संपली की नवी आणावी लागे. दुसरी आम्लाने भरलेली, काचेच्या भांड्यातली जड बॅटरी. ती दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दुकानात नेऊन चार्ज करून आणायची. शिवाय परसात उंच खांब रोवून एरियलची लांब तार ताणायची. एवढं करूनही स्टेशन नीट लावणं हे कौशल्याचं काम होतं. शेजाऱ्याने आपला संच चुकीचा फिरवला की तुमच्या लाउडस्पीकरमधून शिट्ट्या येत.

रिले एक्स्चेंजने ही सगळी कटकट एका झटक्यात घराबाहेर काढली. इमारतीच्या गच्चीवर एकच मोठी टाकी असावी आणि घरात फक्त नळ, तसं हे होतं. गावातल्या उंच जागी उत्तम एरियल आणि दणकट रिसीव्हर असे. तिथे पकडलेला कार्यक्रम ॲम्प्लिफायरने मोठा करायचा आणि तारांच्या जोडीतून थेट आवाजाच्याच रूपात गावभर सोडायचा. थेट आवाजाच्या रूपात, हा यातला कळीचा मुद्दा आहे. रेडिओच्या लहरीतून आवाज वेगळा काढायला संच लागतो. इथे ते काम केंद्रावरच झालेलं असल्यामुळे घरात लाउडस्पीकर आणि एक बटण पुरायचं. लाउडस्पीकर हलवायला लागणारी शक्तीसुद्धा तारेतूनच यायची. म्हणजे घरात वीज नको, बॅटरी नको, एरियल नको. दोन कार्यक्रम द्यायचे असतील तर तारांच्या दोन जोड्या टाकायच्या आणि भिंतीवर एक फिरवायचं बटण बसवायचं. एकमेकांना चिकटून असलेल्या कामगारवस्तीतल्या घरांच्या वळचणीखालून या तारा एका घरातून दुसऱ्या घरात जात. सलग घरांच्या रांगा असल्या की तार कमी लागे आणि खर्च पटकन वसूल होई. म्हणूनच ही सेवा श्रीमंतांच्या बंगल्यांपेक्षा गिरणी-गोदीच्या शहरांत वाढली.

तारेवरून कार्यक्रम ऐकवण्याची कल्पना मात्र मॅटन यांच्याही आधीची होती. लंडनमध्ये १८९५ पासून इलेक्ट्रोफोन नावाची सेवा चालत होती. वर्षाला पाच पौंड भरले की तुमच्या टेलिफोनच्या तारेवरून नाटकगृहातलं नाटक, ऑपेरा किंवा रविवारचं चर्चमधलं प्रवचन ऐकता यायचं. मायक्रोफोन रंगमंचाच्या कडेला, दिव्यांजवळ बसवलेले असत. चर्चमध्ये ते भाविकांच्या नजरेत येऊ नयेत म्हणून बायबलच्या आकारात लपवले जात. १८९९ मध्ये राणी व्हिक्टोरियाने विंडसरला बसून ही सेवा ऐकली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी ती रुग्णालयांतही दिली गेली. पण भरात असतानाही तिचे वर्गणीदार दोन हजारांच्या आसपासच होते आणि १९२२ मध्ये बीबीसीचं प्रसारण सुरू झाल्यावर तिचा टिकाव लागला नाही. इलेक्ट्रोफोन ही सधनांची चैन होती. रिले एक्स्चेंजचा गिऱ्हाईक दीड शिलिंगवाला होता, आणि मला या इतिहासात जिव्हाळा वाटतो तो त्याच्याबद्दल.

परवान्यातली अट

मॅटन यांच्यानंतर ही कल्पना पसरत गेली. १९२८ मध्ये ब्रॉडकास्ट रिले सर्व्हिस नावाची कंपनी निघाली आणि तिने क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावात काम सुरू केलं. हीच पुढे रिडिफ्यूजन या नावाने ओळखली गेली. १९३५ च्या अखेरीस देशात तीनशेहून अधिक रिले केंद्रं होती आणि सव्वादोन लाखांहून जास्त घरं त्यांना जोडलेली होती. हे सगळे वर्गणीदार बीबीसीच्या रेडिओ परवान्याचे वर्षाचे दहा शिलिंगही वेगळे भरत होते.

तरीही रिलेच्या धंद्यावरून भांडण पेटलं. ते कशाचं होतं? ब्रिटनमध्ये १८६९ च्या टेलिग्राफ कायद्याने तारेवरच्या संदेशवहनाची मक्तेदारी पोस्ट ऑफिसकडे दिली होती. त्यामुळे रस्ता ओलांडून शेजारच्या घरात तार न्यायची तर पोस्टमास्टर जनरलची, म्हणजे टपाल खात्याच्या मंत्र्याची, परवानगी लागे. ती मिळायची, पण अटी घालून. रिले कंपनीने स्वतःचा कोणताही कार्यक्रम तयार करून सोडायचा नाही. हवेतून जे येतं तेवढंच पुढे द्यायचं. आणखी एक अट होती, जी वाचायला किरकोळ वाटते पण परिणामाने भयंकर होती: परवान्याची मुदत संपली की पोस्ट ऑफिसला ही सगळी यंत्रणा विकत घेण्याचा हक्क राहील, आणि किंमत मिळेल ती फक्त तारा आणि यंत्रांची. जमवलेली गिऱ्हाइकं, चालता धंदा, त्याची पत, याचे शून्य पैसे. शिवाय मुदती होत्या थोड्या वर्षांच्या. त्या वाढवल्या जात, पण ऐन वेळी. उद्या आपलं दुकान सरकार लोखंडाच्या भावाने उचलून नेऊ शकतं हे माहीत असताना कोण त्यात मोठं भांडवल घालेल? कंपन्या स्वस्तातलं, पटकन वसूल होईल असंच जाळं टाकत राहिल्या. या तारा पुढे जुनाट ठरल्या, याचं मूळ इथे आहे.

रिलेला विरोध करणारे अनेक होते आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. रेडिओ संच बनवणाऱ्यांना वाटायचं, लोक लाउडस्पीकरवर भागवायला लागले तर आपले संच कोण घेणार. वर्तमानपत्रांच्या मालकांना धास्ती होती की उद्या या तारेवरून जाहिराती सुरू होतील आणि आपलं उत्पन्न तिकडे जाईल. बीबीसीची चिंता अधिक तात्त्विक होती. तिचे प्रमुख जॉन रीथ यांची श्रद्धा होती की रेडिओने श्रोत्याला उन्नत करावं. गंभीर भाषण, शास्त्रीय संगीत, हलकंफुलकं गाणं यांचा तोल राखून दिवसभराचा कार्यक्रम आखलेला असतो. रिलेवाला मध्येच बसून यातलं फक्त गोड तेवढं निवडून परदेशी स्टेशनांसोबत वाढू लागला तर हा तोल कोसळेल, अशी ती भीती होती.

ही भीती अगदीच निराधार नव्हती. रविवारी बीबीसीवर धार्मिक आणि गंभीर कार्यक्रमांचाच भरणा असे. आठवडाभर राबलेल्या माणसाचा तो एकच सुटीचा दिवस, आणि त्याला हवं होतं नाचगाणं. १९३१ मध्ये लिओनार्ड प्लग यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रेडिओ नॉर्मंडीचे इंग्रजी कार्यक्रम सुरू केले. १९३३ मध्ये रेडिओ लक्झेंबर्ग आलं. दोन्हीकडे साबण-दंतमंजनाच्या जाहिराती आणि त्यांच्या जोडीला झकास बँड. साध्या संचावर ही परदेशी स्टेशनं खरखरत यायची, पण रिले केंद्राच्या टेकडीवरच्या एरियलवर ती स्वच्छ लागत. रविवार आला की रिलेवाले सरळ लक्झेंबर्ग लावून मोकळे होत. मला यात लोकांची पातळी घसरलेली दिसत नाही. दीड शिलिंग मोजणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच रेडिओत निवड मिळाली होती, आणि त्याने ती केली.

१९३६ मध्ये सरकारने प्रसारणाचा विचार करायला नेमलेल्या अल्सवॉटर समितीने अहवाल दिला. तिची शिफारस अशी की रिलेच्या तारा पोस्ट ऑफिसने ताब्यात घ्याव्यात आणि त्यावरून काय ऐकवायचं ते बीबीसीने ठरवावं. सरकारने हे जसंच्या तसं स्वीकारलं नाही. खासगी परवान्यांना १९३९ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली, मात्र दोन कार्यक्रम देणाऱ्या केंद्राने त्यातला एक बीबीसीचाच ठेवावा असा दंडक आला.

या काळात एक माणूस वेगळंच काही सांगत होता. पीटर एकर्सली हे बीबीसीचे पहिले मुख्य अभियंता. १९२९ मध्ये त्यांना बीबीसी सोडावी लागली आणि पुढे त्यांनी रिडिफ्यूजनबरोबर काम केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हवेतल्या लहरींची जागा मर्यादित आहे. तिथे फार स्टेशनं मावत नाहीत, म्हणूनच कोणीतरी एकाने सगळ्यांसाठी निवड करायची वेळ येते. तारेत ही टंचाई नाही. एका घरात अनेक कार्यक्रम नेता येतील, मग मक्तेदारीची गरज काय? अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९४० च्या दशकात या रिले धंद्याचा बारकाईने अभ्यास केला आणि तेही बीबीसीच्या मक्तेदारीचे ठाम टीकाकार झाले. त्यांना पुढे १९९१ मध्ये नोबेल मिळालं. दोघांचं ऐकलं असतं तर ब्रिटनच्या घरांत १९४० च्या दशकातच बहुवाहिनी रेडिओ आला असता, असं मला वाटतं.

ते झालं नाही, कारण युद्ध आलं. आणि युद्धाने रिलेला उलट बळच दिलं. शत्रूच्या विमानांना दिशा कळू नये म्हणून हवाई हल्ल्याच्या वेळी बीबीसी आपली जवळची प्रक्षेपण केंद्रं बंद करायची, मग घरच्या संचावर आवाज क्षीण व्हायचा. रिलेचा उंचावरचा एरियल दूरचं केंद्र पकडत राहायचा, आणि तारेतून जाणारा आवाज विमानाला पकडता येत नसे. संच बनवणारे कारखाने लष्कराच्या कामाला लागले होते, त्यामुळे बाजारात नवे संच मिळेनासे झाले आणि बॅटऱ्यांची टंचाई होती. युद्ध संपताना रिलेची घरं चार लाखांच्या वर गेली होती आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आकडा दहा लाखांच्या घरात पोचला.

तारेत चित्र आलं

टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, टेकडी आडवी आली की अडतात. बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्डला १९४९ मध्ये आणि उत्तरेला होम मॉसला १९५१ मध्ये मोठी केंद्रं उभी राहिली. तरी वेल्सच्या खोऱ्यांत, शेफील्डसारख्या डोंगरउतारावरच्या शहरांत, आडोशाला वसलेल्या गावांत चित्र यायचं ते मुंग्या-मुंग्यांचं किंवा एकावर एक दुहेरी. रिलेवाल्यांनी जुनाच उपाय केला: टेकडीवर एरियल, तिथून खाली तार. अशा सेवा सुरू करणाऱ्या पहिल्या ठिकाणांत १९५१ च्या सुमाराचं ग्लॉस्टर येतं.

इथे तंत्राचा एक पेच होता. आवाज तारेतून सहज जातो, पण टीव्हीच्या संकेताची वारंवारता फार मोठी. वारंवारता जितकी जास्त तितका संकेत तारेत लवकर विरतो. अमेरिकेने जाड समाक्ष (कोअॅक्सियल) केबल वापरून एकाच तारेत अनेक वाहिन्या कोंबल्या. रिडिफ्यूजनने दुसरा मार्ग धरला. संकेत आधी खालच्या वारंवारतेवर आणायचा आणि प्रत्येक वाहिनीला तारांची स्वतंत्र जोडी द्यायची. खिडकीच्या चौकटीवर गोल बटण असे. ते फिरवलं की एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जायचं. संचात वाहिनी शोधणारा भागच नको, त्यामुळे भाड्याने मिळणारा संच स्वस्त पडे. रेडिओही त्याच तारांतून येत राहिला.

युक्ती चतुर होती, पण तिच्यात पुढचा घात दडलेला होता. जेवढ्या जोड्या तेवढ्याच वाहिन्या, म्हणजे चार किंवा सहा. तेव्हा हे कोणाला खुपलं नाही, कारण दाखवायला होतंच काय? १९५५ पर्यंत बीबीसीची एकच वाहिनी, मग जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही, १९६४ मध्ये बीबीसी टू. स्वतःचं काही दाखवायला बंदीच होती. तोंड बंद असलेल्या माणसाला जास्त शब्दांची गरज पडत नाही.

केबलमधून स्वतःचं काही दाखवता येत नाही, मग रिडिफ्यूजनने हवेतूनच दाखवायचं ठरवलं. एका वर्तमानपत्र समूहाबरोबर भागीदारी करून तिने असोसिएटेड-रिडिफ्यूजन काढली आणि लंडनची सोमवार ते शुक्रवारची आयटीव्ही चालवायला घेतली. २२ सप्टेंबर १९५५ ला ब्रिटनमधलं व्यापारी टीव्ही प्रसारण याच कंपनीच्या भागात सुरू झालं. हवेत तिला बोलायला मुभा होती, स्वतःच्या तारेत नव्हती.

वसाहतींमध्ये तर चित्र आणखी वेगळं होतं. १९३५ पासून माल्टात, १९४९ पासून सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये हीच रिडिफ्यूजन तारेवरचा रेडिओ चालवत होती, आणि तिथे ती स्वतःचे कार्यक्रम बनवायची. सिंगापुरात होक्कियन आणि कँटोनीज बोलींत कथा सांगणारे कलाकार तिच्यामुळे घराघरांत पोचले. चहाच्या दुकानांत लोक त्यासाठी थांबत. हाँगकाँगमध्ये १९५७ मध्ये तिने महिन्याची वर्गणी घेऊन तारेवरची टीव्ही वाहिनीही सुरू केली. ब्रिटिश सरकारच्या छत्राखालीच हे सगळं चाललं होतं. जे हाँगकाँगच्या माणसाला विकत मिळत होतं ते इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या गोदी कामगाराला मिळत नव्हतं, आणि कारण तंत्राचं अजिबात नव्हतं.

मायदेशात अधूनमधून थोडी ढील मिळाली. १९६६ मध्ये लंडनच्या काही भागांत आणि शेफील्डमध्ये पैसे टाकून पाहायच्या टीव्हीचा प्रयोग झाला. संचाजवळच्या पेटीत नाणी टाकली की नवा चित्रपट दिसायचा. खर्च भरून काढायला अजून बरीच घरं जोडणं गरजेचं होतं. सरकारने विस्ताराला परवानगी नाकारली आणि १९६८ मध्ये हे बंद पडलं.

दुसरा प्रयोग मात्र मनाला लागून राहतो. १९७२ मध्ये मंत्री क्रिस्टोफर चॅटवे यांनी काही केबल कंपन्यांना स्थानिक कार्यक्रम करायची परवानगी दिली. त्या जुलैत ग्रिनिचमध्ये सुरुवात झाली. मागोमाग ब्रिस्टल, शेफील्ड, स्विंडन आणि वेलिंगबरो. शाळेतले कार्यक्रम, नगरपालिकेची भांडणं, गल्लीतले गायक, हातात कॅमेरा घेतलेले सामान्य रहिवासी असं सगळं पडद्यावर येऊ लागलं. स्विंडनने तर लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडूनच कार्यक्रम करवून घेतले. पण जाहिराती घेऊ द्यायच्या नाहीत, असं ठरलं होतं. फक्त वर्गणीवर स्टुडिओ कसा चालणार? १९७६ पर्यंत बहुतेक ठिकाणी दिवे मालवले. स्विंडनचं केंद्र कंपनीने नाममात्र एका पौंडाला गावकऱ्यांच्या संस्थेकडे सोपवलं आणि लॉटरीची तिकिटं विकून त्यांनी ते आणखी काही वर्षं ओढलं. पैसे उभे करू दिले नाहीत आणि मग ते चाललं नाही म्हणून मोडीत काढलं, हा न्याय मला आजही पटत नाही.

दरम्यान केबलचं मूळ कारणच नाहीसं होत चाललं होतं. १९७० च्या दशकात केबलवर वीस लाखांहून अधिक घरं होती. पण लहानलहान उपकेंद्रं दऱ्याखोऱ्यांत उभी राहिली आणि साध्या एरियलवर रंगीत चित्र स्वच्छ येऊ लागलं. दुसऱ्याचाच कार्यक्रम पोचवायचा असेल आणि तो लोकांना फुकट मिळत असेल, तर केबलवाल्याला आठवड्याची वर्गणी का द्यायची?

धोरण फिरलं ते १९८० च्या दशकात. १९८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंट समितीच्या अहवालाने बंधनं सैल करायला सांगितलं, १९८३ मध्ये अकरा भागांसाठी नवे परवाने दिले गेले आणि १९८४ च्या कायद्याने केबलला अखेर स्वतःच्या वाहिन्या चालवायची मुभा मिळाली. आता तीस वाहिन्या दाखवायच्या होत्या, आणि जमिनीत होत्या चार-सहा जोड्यांच्या तारा. साठ वर्षांचं जाळं त्या क्षणी निरुपयोगी झालं. रस्ते नव्याने खणायचे तर प्रचंड भांडवल लागणार होतं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने अशा गुंतवणुकीवरची करसवलत काढायला घेतली. १९८४ मध्येच रिडिफ्यूजनने आपलं केबलचं जाळं वर्तमानपत्रांचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांना विकून टाकलं.

पुढची खोदाई बहुतांशी अमेरिकी टेलिफोन आणि केबल कंपन्यांच्या पैशातून झाली. त्यांना टीव्हीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस होता. १९९१ मध्ये सरकारने केबल कंपन्यांना स्वतःची टेलिफोन सेवा द्यायला परवानगी दिली. त्यानंतर दारोदार फिरणारा केबलचा विक्रेता वाहिन्यांची यादी दाखवण्याआधी फोनचं बिल किती कमी येईल ते सांगू लागला.